वाचकांचे प्रश्न : टीव्हीवरची मुलाखत आणि दुसरा प्रश्न

गेल्या अंकात मी टीव्हीवरच्या मुलाखतींबद्दल लिहिलं होतं आणि तुमचे प्रश्न मागवले होते. राजकारण, जगातल्या घडामोडी, साहित्य-कला अशा सगळ्याच मुलाखतींवर पत्रं आली आणि खूप आली. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की, मी उमेदीची वर्षं मुंबईत टीव्हीच्या संशोधन विभागात काढली. कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्याच्या हातात जी फाईल असते, ती तयार करणं हे माझं काम. खाली जे लिहिलंय ते त्या खुर्चीवरून दिसलेलं आहे. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : रात्री नऊला कुठलंही चॅनल लावा, आठ चौकटी आणि आठही जण एकदम बोलताहेत. जगात काय चाललंय हे कुणी शांतपणे विचारतंय आणि कुणी नीट सांगतंय, असं दिसतच नाही. चांगली मुलाखत ओळखायची कशी? इंग्रजी बऱ्यापैकी समजतं, सबटायटल्स वाचायचीही तयारी आहे.
— निवृत्त बँक कर्मचारी, सांगली

उत्तर : त्या आठ चौकटींना मुलाखत म्हणायचं कारण नाही. तिथे कुणालाच उत्तर नको असतं. मुलाखतीला दोन माणसं पुरतात आणि एक खूण पुरते. पाहताना दुसऱ्या प्रश्नाकडे लक्ष ठेवा. पहिला प्रश्न कागदावरून येतो, तो कुणीही लिहून देऊ शकतं. मीच कितीतरी लिहून दिलेत. पाहुण्याने उत्तर दिल्यावर जो प्रश्न येतो तो मात्र ऐकल्याशिवाय सुचत नाही. कागदावरचा क्रमांक दोन आला, तर समजायचं की समोरचा काय म्हणाला ते मुलाखतकाराच्या कानावरून गेलं.

बीबीसीवर १९५९ ते १९६२ या काळात ‘फेस टू फेस’ नावाची मालिका होती. मुलाखतकार जॉन फ्रीमन. कॅमेरा पाहुण्याच्या चेहऱ्यावर, फ्रीमन पाठमोरे, बहुतेक वेळा नुसता आवाज. १९५९ मध्ये ते मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांच्या घरी गेले, झुरिकजवळ क्युसनाख्टला. युंग तेव्हा ऐंशी ओलांडलेले. वडील धर्मोपदेशक, लहानपणी दर रविवारी चर्च, असं बोलणं चाललेलं असताना फ्रीमन विचारतात, तेव्हा तुमचा देवावर विश्वास होता का? युंग म्हणतात, हो तर. इथे दुसरा कुणी शाळा-कॉलेजकडे वळला असता. फ्रीमन विचारतात, आणि आता? युंग थांबतात. आता? सांगणं अवघड आहे, म्हणतात. मग म्हणतात, मला माहीत आहे. मला विश्वास ठेवायची गरज नाही, मला माहीत आहे. या एका वाक्यावर त्यांना इतकी पत्रं आली की पुढे ‘द लिसनर’ या साप्ताहिकात पत्र लिहून खुलासा करावा लागला. ते वाक्य आलं ते ‘आणि आता?’ एवढ्याशा प्रश्नातून.

दुसरी मुलाखत जर्मन आहे, सबटायटल्ससह सहज सापडेल. २८ ऑक्टोबर १९६४ रोजी झेडडीएफ या वाहिनीवर ग्युंटर गाउस यांनी घेतलेली राजकीय विचारवंत हाना आरेन्ट यांची मुलाखत दाखवली गेली. आरेन्ट ज्यू. १९३३ मध्ये जर्मनी सोडून पळाल्या, पुढे अमेरिकेत स्थायिक झाल्या. हातात सिगारेट, आवाज खरखरीत, आणि गाउस ‘तत्त्वज्ञ’ म्हणाले की लगेच हरकत घेणारी बाई. गाउस विचारतात, हिटलरपूर्वीच्या त्या युरोपातलं काय उरलंय तुमच्यापाशी? त्या म्हणतात, भाषा उरली. मग भाषेबद्दलच बोलणं चाललेलं असताना गाउस विचारतात, अगदी कडवट काळातसुद्धा? त्या म्हणतात, नेहमीच. करणार काय, वेडी झाली होती ती काही जर्मन भाषा नव्हे. परदेशात राहणाऱ्या कितीतरी मराठी माणसांना मी ही मुलाखत पाहायला लावलीय, आणि या जागी ती सगळी माझ्यासारखीच गप्प झाली आहेत.

फ्रीमन पुढे १९६५ ते १९६८ दिल्लीत ब्रिटनचे उच्चायुक्त होते, नंतर वॉशिंग्टनला राजदूत. गाउस १९७४ पासून पूर्व बर्लिनमध्ये पश्चिम जर्मनीचे कायम प्रतिनिधी. मला हा योगायोग वाटत नाही. समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं, आणि त्याने जे गाळलं तेही टिपायचं, हेच त्या नोकरीतही लागतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर २१ फेब्रुवारी २०१८ चं घ्या. पुण्यात बीएमसीसीच्या मैदानावर राज ठाकरे यांनी शरद पवारांची मुलाखत घेतली, चॅनलांनी ती थेट दाखवली. शेवटी झटपट प्रश्नांत विचारलं गेलं, उद्धव की राज? पवार म्हणाले, ठाकरे कुटुंबीय. मैदानभर टाळ्या. उत्तर हजरजबाबी होतं यात शंका नाही. पण मी फाईलवाली बाई आहे, माझ्या मनात तिथे लगेच दुसरा प्रश्न आला. झटपट प्रश्नांच्या फेरीत त्याला जागाच नसते, आणि म्हणूनच राजकारणी माणसाला ती फेरी सगळ्यात सोयीची.

प्रश्न : परदेशातला वार्ताहर किंवा पाहुणा प्रश्न विचारल्यावर थोडा वेळ नुसता कॅमेऱ्याकडे बघत राहतो. त्याला प्रश्न कळलेला नसतो का?
— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर : प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचलेलाच नसतो. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० किलोमीटरवर असतो. आवाज वर जाऊन खाली येईपर्यंत ७० हजार किलोमीटरहून जास्त अंतर होतं, म्हणजे पाव सेकंद. उत्तर परत येताना आणखी पाव सेकंद. चित्र-आवाज अंकीय करण्यात जातो तो वेळ वेगळा. तुम्हाला दिसतो तो सेकंद-दोन सेकंदांचा बधिर चेहरा हा असा जमलेला असतो.

शिवाय त्या माणसासमोर बऱ्याचदा पडदा नसतो. काळ्या भिंगाकडे बघायचं आणि कानातल्या बटणातून ऐकायचं. त्या बटणात त्याचा स्वतःचा आवाज वगळून बाकी सगळं सोडावं लागतं, त्याला आम्ही क्लीन फीड म्हणतो. ते चुकलं की आपलाच आवाज अर्ध्या सेकंदाने कानात परत येतो आणि भलाभला वक्ता अडखळतो. अशा जोडणीवर टोकाटोकीचे प्रश्न कधी नीट विचारता येत नाहीत. आता व्हिडिओ कॉलवर पाहुण्याला समोरचा चेहरा तरी दिसतो, हे मला फार चांगलं झालं असं वाटतं.

प्रश्न : आमच्या घरी वाद झाला. हे म्हणतात, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं हा उद्धटपणा. माझं म्हणणं, मी वर्गात तेच करायची. मंत्री असला म्हणून काय झालं? तुम्हाला काय वाटतं?
— निवृत्त शिक्षिका, चिपळूण

उत्तर : बाई, मी तुमच्या बाजूची. पण ह्यांच्या म्हणण्यातही एक गोष्ट खरी आहे, ती आधी सांगते. तोच प्रश्न चढत्या आवाजात विचारला की तो प्रश्न राहत नाही, दरडावणी होते. मग प्रेक्षकाला पाहुण्याची दया येते आणि उत्तर बाजूलाच राहतं.

१३ मे १९९७ ला बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’मध्ये जेरेमी पॅक्समन यांनी मायकल हॉवर्ड यांना काय केलं ते पाहा. हॉवर्ड नुकतेच ब्रिटनच्या गृहमंत्रिपदावरून पायउतार झाले होते आणि पक्षाच्या नेतेपदासाठी उभे होते. एका तुरुंगाच्या गव्हर्नरला हटवण्यावरून तुरुंग खात्याचे प्रमुख डेरेक लुईस यांच्याशी त्यांचा खटका उडाला होता. पॅक्समन यांचा प्रश्न होता : तुमचा निर्णय मी फिरवीन अशी धमकी तुम्ही त्यांना दिलीत का? हॉवर्ड सांगत राहिले की मला त्यांना आदेश द्यायचा अधिकार नव्हता आणि मी तो दिला नाही. आता तुम्ही शिक्षिका, तुमच्या लगेच लक्षात येईल. विचारलं होतं धमकीबद्दल, उत्तर आलं आदेशाबद्दल. पॅक्समननी तो प्रश्न डझनभर वेळा विचारला, जवळजवळ त्याच शब्दांत, त्याच पट्टीत. पुढचा वृत्तांत तयार नव्हता म्हणून ताणत राहिलो, असं त्यांनीच नंतर सांगितलंय. कारण काहीही असो, प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असं उत्तर होतं आणि ते आलं नाही, हे घरोघरी दिसलं.

पाहुणा उठून गेला तर मुलाखतकार जिंकला, असं मात्र मी मानत नाही. करण थापर यांच्यासमोरून नरेंद्र मोदी २००७ मध्ये काही मिनिटांतच उठले. त्याआधी २००४ मध्ये जयललिता यांनी त्यांच्याशी बोलण्यात आनंद वाटला नाही असं तोंडावर सांगून माईक काढला. त्या फिती लोक अजून पाहतात, वाटून घेतात. माझ्या मनात दर वेळी येतं ते न झालेल्या प्रश्नांचं. मोदींच्या त्या बैठकीत पुढच्या अर्ध्या तासात काय काय विचारता आलं असतं! फाईल करणाऱ्याचा जीव तिथे तुटतो.

प्रश्न : मॅडम, मी पत्रकारितेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचे सर म्हणतात, वीस प्रश्न लिहून न्या. मोठ्या माणसाची मुलाखत घ्यायची तर तयारी नेमकी काय करायची? आणि आमच्यासारख्याला कोण उत्तर देणार?
— विद्यार्थी, लातूर

उत्तर : तुझ्या पत्राला जास्त जागा देते आहे, बाकीच्यांनी राग मानू नये.

वीस प्रश्न लिही, हरकत नाही, पण त्यातले सहाच घेऊन जा. मी कागद कसा करायची ते सांगते. ए-फोर कागदाला उभी रेघ. डाव्या बाजूला पाहुणा या विषयावर आधी काय बोललाय ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह, कुठे बोलला त्यासह. विधानसभेत बोलला असेल तर कार्यवाहीतून, सभेत बोलला असेल तर चित्रफितीतून. वर्तमानपत्राच्या मथळ्यावरून कधीही नाही, कारण पाहुणा पहिल्यांदा मथळाच नाकारतो. उजव्या बाजूला प्रश्न, एका ओळीचा. दुसरी ओळ लागली तर तो प्रश्न मोडून लिहायचा. आणि पानाच्या तळाशी लाल शाईने एक चौकट, तिचं नाव ‘नाही म्हणाले तर’. त्यात तो नाही म्हणाला तर काय दाखवायचं आणि हो म्हणाला तर काय विचारायचं, दोन्ही. माझा सगळ्यात जास्त वेळ त्या चौकटीत जायचा. वरचे प्रश्न अर्ध्या दिवसात व्हायचे.

डेव्हिड फ्रॉस्ट यांनी १९७७ मध्ये रिचर्ड निक्सन यांच्या ज्या मुलाखती घेतल्या, त्या या चौकटीवरच उभ्या आहेत. निक्सन यांनी वॉटरगेट प्रकरणात, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी आणि तिची लपवालपवी यावरून, ऑगस्ट १९७४ मध्ये अमेरिकेचं अध्यक्षपद सोडलं होतं आणि या विषयावर कॅमेऱ्यासमोर सविस्तर बोललेले नव्हते. कॅलिफोर्नियातल्या एका घरात जवळपास २९ तासांचं चित्रण झालं. फ्रॉस्टना तोवर लोक गप्पांच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालक म्हणून ओळखत, निक्सन तर मुरलेले वकील. पण फ्रॉस्टच्या संशोधकांपैकी जेम्स रेस्टन ज्युनियर यांनी कोर्टाच्या कागदपत्रांतून निक्सन आणि त्यांचे सहकारी चार्ल्स कोलसन यांच्या फेब्रुवारी १९७३ मधल्या संभाषणाची उतारेपत्रं शोधून काढली होती. ती तोवर फारशी कुणी पाहिली नव्हती. आपल्याला लपवालपवीची कल्पना मार्चपर्यंत नव्हती असं निक्सन सांगत, आणि हे संभाषण त्याच्या आधीचं. फ्रॉस्टनी ते उतारे वाचायला घेतले तेव्हाचा निक्सन यांचा चेहरा बघ. अध्यक्षाने केलं म्हणजे ते बेकायदा नसतं, हे त्यांचं प्रसिद्ध वाक्यही याच मुलाखतींतलं. पहिला भाग ४ मे १९७७ ला लागला आणि सुमारे साडेचार कोटी लोकांनी पाहिला. नाव फ्रॉस्टचं झालं, ते व्हायलाच हवं. पण तू शिकायला निघाला आहेस, तर रेस्टनचंही नाव लक्षात ठेव.

आता ‘आमच्यासारख्याला कोण उत्तर देणार’ याचं. २४ मे १९८३ ला, ब्रिटनमध्ये निवडणूक तोंडावर असताना, बीबीसीच्या ‘नेशनवाइड’ कार्यक्रमात पंतप्रधान मार्गारेट थॅचर प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं देत होत्या. सायरनसेस्टर या छोट्या गावातल्या डायना गोल्ड नावाच्या शिक्षिका दुसऱ्या स्टुडिओतून बोलत होत्या. आदल्या वर्षी २ मे ला, दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांवरून झालेल्या युद्धात, ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’ ही युद्धनौका बुडवली होती, ३२३ माणसं गेली होती. गोल्डबाईंनी विचारलं, बेलग्रानो ब्रिटनने जाहीर केलेल्या वर्जित क्षेत्राच्या बाहेर होती आणि फॉकलंडपासून दूर चालली होती, तरी तुम्ही ती बुडवायचा आदेश का दिलात? थॅचर म्हणाल्या, ती दूर चालली नव्हती. पंतप्रधानांनी तथ्यच नाकारलं! निम्मे पत्रकार इथे पुढच्या विषयावर गेले असते. गोल्डबाईंनी नौकेची दिशा अंशांत सांगितली, २८० अंश, म्हणजे जवळजवळ पश्चिमेकडे, आणि बेटांच्या पश्चिमेला असलेली नौका त्या दिशेने जात असेल तर ती बेटांकडे कशी येईल, असं विचारलं. आवाज न चढवता, ‘मिसेस थॅचर’ असं म्हणत, पुन्हा पुन्हा तिथेच. ती नौका बुडवणं युद्धात रास्त होतं की नव्हतं यावर आजही दोन मतं आहेत, आणि पुढे अर्जेंटिनाच्या नौदलाच्या बाजूनेही तो युद्धाचाच भाग होता असं सांगितलं गेलं. पण त्या दिवशी पंतप्रधानांना सगळ्यात अवघड गेलेला प्रश्न एका शिक्षिकेचा होता, आणि तिच्यापाशी ‘नाही म्हणाले तर’ची चौकट भरलेली होती.

आणखी एक. प्रश्न छोटा ठेवायची भीती बाळगू नकोस. सप्टेंबर २००० मध्ये लॅरी किंग यांनी व्लादिमीर पुतिन यांना विचारलं, त्या पाणबुडीचं काय झालं? आदल्याच महिन्यात ‘कुर्स्क’ पाणबुडीवर ११८ जणांचा जीव गेला होता. पुतिन किंचित हसून म्हणाले, ती बुडाली. पुतिन यांच्यावर लिहिलेल्या कितीतरी पानांनी जे दाखवलं नाही ते त्या उत्तराने दाखवलं. प्रश्न पाच मिनिटांचा असता, तर पुतिन यांनाही पाच मिनिटं विचार करायला मिळाली असती.

तेव्हा मंत्र्याकडे जायची घाई करू नकोस. तुझ्या गावच्या पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याकडे जा. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या वेळी कुणी काय आश्वासन दिलं ते तारखेसह डाव्या बाजूला लिही आणि उजव्या बाजूपासून सुरुवात कर. कागद मला पाठव, मी वाचेन.

प्रश्न : मोठे लोक मुलाखतीचे पैसे घेतात का? आणि प्रश्न आधी कळवतात का? आमच्याकडे सगळे म्हणतात की हे सगळं ठरवून असतं.
— एक वाचक, मडगाव

उत्तर : सगळं नाही, पण काही असतं. वर ज्या निक्सनच्या मुलाखती सांगितल्या, त्यासाठी फ्रॉस्टनी त्यांना सहा लाख डॉलर आणि नफ्यात हिस्सा कबूल केला होता. अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांनी त्या दाखवल्या नाहीत, फ्रॉस्टना एकेक स्थानिक केंद्र गाठावं लागलं. मात्र करारात निक्सन यांना प्रश्नांवर किंवा संपादनावर कुठलाही हक्क दिलेला नव्हता. माझ्या मते प्रश्न पैशांइतकाच अटींचाही आहे. बातमीच्या मुलाखतीला पैसे देऊ नयेत हे माझं मत पक्कं आहे, पण फुकट दिलेली आणि आधी प्रश्न मंजूर करून घेतलेली मुलाखत त्याहून वाईट.

प्रश्न आधी मागण्याचा आग्रह फार असतो. एका मंत्रिकार्यालयातून आम्हाला प्रश्नांची यादी दोनदा परत आली होती, दुसऱ्यांदा तीन प्रश्नांवर काट मारून. आमच्या संपादकांनी मुलाखतच रद्द केली आणि त्या वेळात लोकसंगीताचा कार्यक्रम दाखवला. मला त्यांचा फार अभिमान वाटला होता. विषय कळवावा, प्रश्न कळवू नये, हा नियम मी आजही सगळ्यांना सांगते. लेखक-कलावंतांचं थोडं वेगळं. व्लादिमीर नाबोकोव १९७५ मध्ये फ्रेंच टीव्हीवर आले ते प्रश्न आधी घेऊन, आणि पुस्तकांच्या आड ठेवलेल्या कार्डांवरून उत्तरं वाचत राहिले. तरी ती मुलाखत ऐकण्यासारखी आहे, कारण ती वाक्यं त्यांनी लिहिलेली आहेत.

सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे मुलाखत मिळवण्यासाठी केलेली लबाडी. २० नोव्हेंबर १९९५ ला बीबीसीवर मार्टिन बशीर यांनी घेतलेली राजकुमारी डायना यांची मुलाखत लागली, अख्खं जग बघत होतं. पुढे मे २०२१ मध्ये लॉर्ड डायसन यांच्या चौकशी अहवालात स्पष्ट झालं की बशीर यांनी बँकेची खोटी विवरणं बनवून घेऊन डायनाच्या भावाला दाखवली आणि त्यातून तिच्यापर्यंत वाट काढली. बीबीसीने माफी मागितली. डायना जे बोलली ते तिचं होतं, मनापासून होतं. पण ते ऐकताना आता मला तो बनावट कागद आठवतो, आणि हे नुकसान कुठल्याही माफीने भरून येणारं नाही.

याउलट नोव्हेंबर २०१९ मध्ये तेव्हाचे राजपुत्र अँड्र्यू यांची बीबीसीच्या एमिली मेटलिस यांनी घेतलेली मुलाखत, लैंगिक गुन्हेगार जेफ्री एपस्टीनशी असलेल्या त्यांच्या मैत्रीबद्दलची. बकिंगहॅम राजवाड्यात, रीतसर बोलणी करून, पैसे न घेता-देता. मेटलिस एकदाही आवाज चढवत नाहीत. १६ तारखेला मुलाखत लागली, २० तारखेला राजपुत्राने सार्वजनिक कामातून बाजूला होत असल्याचं जाहीर केलं.

प्रश्न : मुलाखतकार मध्येच मान डोलावताना का दाखवतात?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : एकाच कॅमेऱ्यावर काम असलं की तो पाहुण्यावर असतो. बोलणं संपल्यावर कॅमेरा फिरवून मुलाखतकाराच्या माना डोलावण्याचे तुकडे वेगळे घेतात आणि जिथे उत्तर कापलं तिथे जोडतात, म्हणजे उडी दिसत नाही. इंग्रजीत त्यांना नॉडी म्हणतात. तुम्ही एक करा : डोलणारी मान दिसली की त्या आधीचं आणि नंतरचं वाक्य जुळतंय का ते ऐका. बहुतेक वेळा लांबण काढलेली असते, एरवी बरंच काही.

प्रश्न : आमचे काका चाळीस वर्षं दशावतारात काम करतात, स्त्रीपार्ट करतात. एक चॅनल आलं होतं. त्यांना विचारलं, ‘आज तुम्हाला कसं वाटतंय?’ आणि ‘नव्या पिढीला काय संदेश द्याल?’ काका ‘बरं वाटतंय’ म्हणाले. संपलं. आता मीच मोबाइलवर त्यांची मुलाखत घेणार आहे. काय विचारू?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं आणि मग फार आनंद झाला. कलावंताला ‘कसं वाटतंय’ विचारणं म्हणजे त्याच्या कलेबद्दल आपल्याला काहीच विचारायचं नाही हे कबूल करणं. टीव्ही सुरू झाला तेव्हा असं नव्हतं. आपल्याच पु. ल. देशपांड्यांनी दिल्लीत दूरदर्शनसाठी पंडित नेहरूंची मुलाखत घेतली होती. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मध्ये लेखक-कलावंत निवांत बोलताना आपण पाहिले. त्या काळी टेप महाग, एकीवरच पुन्हा पुन्हा चित्रण व्हायचं, त्यात किती माणसांचे आवाज पुसले गेले याची मला अजून हळहळ आहे. तुमच्या मोबाइलमध्ये ती अडचण नाही. काकांना भरपूर वेळ बोलू द्या.

फ्रान्समध्ये बर्नार पिव्हो यांनी १९७५ ते १९९० ‘आपोस्त्रोफ’ नावाचा पुस्तकांचा कार्यक्रम चालवला, दर शुक्रवारी रात्री, ७२४ भाग. शनिवारी लोक त्यातली पुस्तकं घ्यायला दुकानात जात. पिव्होंची एकच हुशारी होती : येणाऱ्या प्रत्येकाचं पुस्तक ते खरोखर वाचून बसत. तुम्हाला पुस्तक वाचायचं नाही, पण काकांचा एक प्रयोग मात्र जत्रेत पुढे बसून सबंध बघा, सुरुवातीच्या आड दशावतारातल्या गणपतीपासून संकासुरासकट पहाटेपर्यंत, आणि मनात येईल ते लिहून ठेवा.

मग मुलाखत घरी घेऊ नका. प्रयोगाच्या आधी काका देवळाच्या आवारात पेटाऱ्यापाशी रंगायला बसतात, तिथे घ्या. दशावतारी नट आपला चेहरा आपणच रंगवतो. हात कामात असले की माणूस मोकळा बोलतो, हे मी मोठमोठ्या गायकांच्या बाबतीतही पाहिलंय. माईक छातीशी लावा, नाहीतर शेजारची झांज आणि मृदंग सगळं खाऊन टाकतील. आणि विचारा :

काका, पहिला रंग कुठला लावता, आणि तोच आधी का? लुगडं नेसायला कुणी शिकवलं? आईने की कंपनीतल्या कुणी? तुमच्या नाटकांना लिहिलेली संहिता नसते, मग आज द्रौपदी काय बोलणार हे रंगात जाताना किती ठरलेलं असतं? समोरचा नट भलतीकडे गेला तर त्याला कथेवर परत कसं आणता? पेटीवाल्याला खूण कशी करता? पहिल्यांदा स्त्रीपार्ट केला ते गाव कुठलं, आणि पुढे कोण बसलं होतं? भूमिकेत असताना खरोखर रडू आलंय का कधी? लग्नाच्या वेळी काकूच्या घरच्यांना काय सांगितलं होतं? रात्रभर उभं राहून सकाळी घरी आल्यावर पहिलं काय करता?

यातले सगळे विचारायचे नाहीत. पहिला विचारा आणि ऐका. लुगड्याच्या प्रश्नावर काका ‘आईने’ म्हणाले, तर पुढचा प्रश्न आईबद्दलचा. ते मालवणीत बोलले तर मालवणीतच बोलू द्या, तुम्हीही मालवणीतच विचारा. ते गप्प झाले तर तुम्हीही गप्प बसा, मोबाइल चालू ठेवा. आणि काकूंना शेजारी बसवा. एखादं गाव काका विसरले, तर त्या सांगतील.